दो-ग्योमची शेवटची फायनल

नऊ वर्षं मी या पोरांना जेवू घालतेय आणि नऊ वर्षं त्यांच्यावर ओरडतेय. उजाडता उजाडता झोपायचं, दुपारी डोळे चोळत नाश्ता मागायचा आणि उरलेला दिवस खुर्चीला चिकटून बटणं बडवायची! कोरियातल्या सोल शहरातल्या या घरात कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या एका टीमचे पाच खेळाडू राहतात. मी त्यांची स्वयंपाकीण, सगळे मला मावशी म्हणतात. खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. पाच जणांनी समोरच्या पाच जणांचा गड पाडायचा, एवढंच ठाऊक.

दो-ग्योम त्यांच्यातला थोरला, सत्तावीस वर्षांचा. जगज्जेतेपदाच्या फायनलला चारदा गेला आणि चारही वेळा हरून आला. यंदा तीन आठवड्यांनी त्याला सक्तीच्या सेवेसाठी सैन्यात हजर व्हायचं होतं. दीड वर्षानं परत आल्यावर मंदावलेल्या बोटांना कोण विचारतंय? म्हणजे ही शेवटची संधी, तीही आपल्याच शहरात.

नेमका फायनलच्याच दिवशी त्याचा वाढदिवस. मी सवयीनं सकाळी उठून समुद्री शेवाळाचं सार केलं, वर तिळाचं तेल सोडलं. टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांचे चमचे हवेतच थांबले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे वाढदिवसाला हे सार लागतंच, पण परीक्षेच्या नि सामन्याच्या दिवशी ते बुळबुळीत शेवाळ कुणी तोंडाला लावत नाही. माणूस घसरतो म्हणतात. माझ्या मुलीची परीक्षा होती तेव्हा महिनाभर मी ते घरात आणलं नव्हतं. आणि आज अक्कल कुठे गेली होती माझी?

टीमच्या मॅनेजरनं कपाळाला हात लावला. मी भांडं उचलायला धावले, तर दो-ग्योमनं वाडगा स्वतःकडे ओढला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. बाकी कुणाला त्यानं हात लावू दिला नाही.

"घसरलो तर मी एकटाच घसरेन," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी मॅनेजरनं मला स्टेडियममध्ये पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मी आयुष्यात पहिल्यांदा सामना बघत होते. वीस हजार माणसं! एकेक डाव जाईल तशी ती उसळत होती, माझ्या खुर्चीचे पाय थरथरत होते. चार डाव झाले, दोन त्यांचे, दोन आमचे.

पाचव्या, निकालाच्या डावाच्या सुरुवातीलाच दो-ग्योम चुकला आणि पडला, म्हणजे पडद्यावरचा त्याचा योद्धा पडला. समोरच्यांनी तिथून जी आघाडी घेतली ती सोडलीच नाही. शेवटी आमच्याच गडाच्या दारात आमचे चौघे आडवे झाले. पडलेले परत उभे राहायला वीस सेकंद लागणार, असं मॅनेजर पुटपुटला. उरला एकटा दो-ग्योम, आणि समोरून पाच जण आले.

मी पडदा सोडून त्याच्या हातांकडे बघू लागले. रोज माझ्यापुढे वाडगा धरणारे ते हात! बोटं दिसतच नव्हती, इतकी चालत होती, आणि चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. पडद्यावर तो मागे सरकला, आत घुसला, पुन्हा निसटला. त्यांचा एक पडला, मग दुसरा. माणसाच्या हातात एवढं असू शकतं, हे मला साठीत कळत होतं.

विसाव्या सेकंदाला तो पडला. पण तोवर आमचे चौघे उठले होते. त्यांनी अर्धमेल्या तिघांना लोळवलं आणि धावत जाऊन समोरचा गड पाडला. दो-ग्योम हात मांडीवर ठेवून नुसता बघत होता. आम्ही जिंकलो.

हरलेल्यांच्या मुठींना मुठी लावून झाल्यावर पाचही जण प्रेक्षकांपुढे वाकले. मी उठले आणि कंबर दुखेपर्यंत वाकले. आमच्याकडे मोठी माणसं लहानांपुढे अशी वाकत नाहीत. शेजारचे बघायला लागले. दो-ग्योम घाबरून मंचाच्या कडेला आला.

"मावशी, काय करताय? मी लहान आहे तुमच्याहून."

"आज नाहीस," मी म्हणाले, आणि तशीच वाकून राहिले.