संपातला भात

संपाचा एकतिसावा दिवस. हरसूलच्या पुढच्या पाड्यावर अंगणवाडीला कुलूप होतं आणि किल्ली दीपमालाच्या कमरेला. चौदा वर्षं सेविका होती ती. पोरांची वजनं कर, लस टोचून घे, वही भर. मागणी एकच, आम्हाला सरकारी कर्मचारी म्हणा. पण तिकडं मुंबईत सरकार आज पडतंय की उद्या, याचाच घोळ. आमदार कुठल्याशा हॉटेलात जाऊन बसलेले. ऐकणार कोण, कपाळ?

पण पोटाला संप कसा सांगायचा? तिसऱ्याच दिवशी सवयीनं पोरं ताटल्या घेऊन तिच्या दारात उभी राहिली. दीपमालानं घरचा तांदूळ चुलीवर चढवला. मदतनीस नवसाबाई घरून उडीद घेऊन आली. "अंगणवाडी बंद हाय, आपलं घर थोडंच बंद हाय?" म्हणाली. त्यातही दीपमालाचा जीव अडकला होता पायलमध्ये. चार वर्षांची पोर आणि वजन दहा किलो. आईबाप दिंडोरीकडं द्राक्षाच्या कामाला, घरात फक्त आजी, ठमाबाई. तिला नीट दिसतही नव्हतं, चूल कुठून पेटवणार?

काल तालुक्याचे साहेब जीपनं आले. कामावर या, नाहीतर घरी बसा, अशी नोटीस कुलपाशेजारी चिकटवायला. दीपमालाच्या घराच्या ओट्यावर जेवणारी पोरं पाहून एकदम विरघळले. "वा ताई! पोरांचे आशीर्वाद लागतील तुम्हाला." चौदा वर्षांत साहेबाच्या तोंडून पहिलं कौतुक. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी! पदर सारखा करून, हातात पळी धरून, बाई साहेबांनी काढलेल्या फोटोत चक्क हसली.

संध्याकाळी तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर. खाली लिहिलेलं, 'अंगणवाडी सुरळीत सुरू. संपात फूट.'

नाशिकच्या मंडपातून संघटनेच्या कलाबाईंचा फोन आला. "दीपमाला, हसतेस काय गं त्यात? इथं बाया उपाशी बसल्यात. तुझा फोटो दाखवून सरकारनं आमची बोलणीच थांबवली."

"ताई, माझ्या घरचा भात हाय तो! संप कुठं मोडला मी?"

"मला कळतंय गं. फोटो बघणाऱ्याला कळतं का? उद्यापासून तुझ्या ओट्यावर एक पोर दिसता कामा नये."

दीपमालाला साहेबाचा राग आला, कलाबाईंचाही आला. सगळ्यात जास्त आला तो स्वतःच्या हसण्याचा. मेलं, दात काढायची काय गरज होती?

सकाळी नवसाबाई घरोघर सांगून आली. आयाही पटकन कबूल झाल्या. "आमची पोरं आमी जेवू घालू. त्या साहेबाला फोटोच घावू द्यायचा नाय." ओटा रिकामा राहिला. दीपमालानं उगाच तो दोनदा धुतला.

दुपारी खाली आंब्याखाली जीप थांबली. आणि नेमकी त्याच वेळी पायल आली. ठमाबाईला निरोप पोचला नव्हता. पोर रोजच्या जागी मांडी घालून बसली, समोर ताटली ठेवली आणि दाराकडं बघत राहिली.

साहेब चढ चढत होते. दीपमालानं झटकन पोरीला उचललं, आत आणलं, कडी घातली, खिडकी लावली. सकाळचा भात ताटलीत वाढला.

"आज आत का?" पायलनं विचारलं.

"गप. आवाज नको करू."

पोर घाबरली. तोंड मिटून घास चावू लागली. दारावर थाप पडली. "ताई, आहात का घरात?" ताटली वाजू नये म्हणून दीपमालानं ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. घर स्वतःचं, तांदूळ स्वतःचा, आणि एका उपाशी पोरीला ती चोरासारखं जेवू घालत होती. लाज वाटली तिला, लई लाज वाटली.

पावलं उतरून गेली. जीप सुरू झाली.

पायलनं शेवटचं शीत चाटलं, फ्रॉकनं तोंड खसाखसा पुसलं आणि दीपमालाच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, मी जेवले ते कोणाला सांगायचं नाय ना?"

दीपमालानं तिला पोटाशी धरलं.

"नाय," ती म्हणाली. "नाय सांगायचं."