विसरवणारी

चष्म्याच्या दुकानात मी मागच्या खोलीत बसते. पुढे मालक आणि गिऱ्हाइकं, मागे मी आणि काचा घासायचं यंत्र. नंबरची गोल काच येते, तिला फ्रेमच्या आकाराची करायची, कडा गुळगुळीत करायच्या, खोबणीत बसवायची. चाकावर दिवसभर पाणी ठिबकत असतं. कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणूनच हे काम धरलं आणि अकरा वर्षं सोडलं नाही.

सोळाव्या वर्षी मी एका सिनेमात काम केलं होतं. हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कुठला?" आणि नाव सांगितलं की समोरचा माणूस असा बघतो, जसं काही मी थापच मारतेय.

सिनेमा चार मुलांचा होता. चौघंही सुधारगृहात डांबलेली, प्रत्येकाच्या अंगात काहीतरी शक्ती, आणि त्या शक्तीचीच प्रत्येकाला धास्ती. एकाच्या श्वासानं वस्तू पेटायच्या. दोघं जुळे भाऊ होते, एकाला लागलं की रक्त दुसऱ्याचं यायचं. चौथी मी. मी ज्याचा हात धरीन, तो मला कायमचा विसरणार. त्या इमारतीच्या भिंतींत काहीतरी राहत होतं आणि ते रोज थोडं थोडं पुढे सरकत होतं. म्हणजे अर्धा सिनेमा भीतीचा, अर्धा महाशक्तीवाल्यांचा. तिथेच पंचाईत झाली. तो विकायचा कुणाला, हेच निर्मात्यांना कळेना. घाबरायला येणारे म्हणणार, ही शक्तीबिक्ती कशाला? आणि शक्ती बघायला येणारे म्हणणार, यात कुणी उडत कसं नाही?

दिग्दर्शक हडकुळा, कायम सर्दी झालेला माणूस. पहिल्याच दिवशी त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "घाबरल्याचा अभिनय करू नकोस. ही मुलगी घाबरलेली नाही. हिला सवय झालीय." त्यानंतर मला त्यानं फारसं काही सांगितलं नाही, आणि गरजही पडली नाही.

चित्रीकरण संपलं आणि सिनेमा तीन वर्षं धूळ खात पडला. शेवट बदलायचा होता म्हणे. करारात लिहिलेलं होतं की तोवर केस कापायचे नाहीत, दुसरं काम घ्यायचं नाही, बोलावलं की चोवीस तासांत हजर व्हायचं. दर महिन्याला व्यवस्थापकाचा फोन यायचा, "पुढच्या महिन्यात नक्की." त्या "नक्की"वर मी शिक्षण लांबवलं. बरोबरीच्या मुली शहर सोडून गेल्या, नोकरीला लागल्या, एकीचं तर लग्नही झालं. मी कमरेपर्यंत वाढलेले केस विंचरत फोनजवळ बसून. आई म्हणायची, "अगं, निदान बाहेर फिरून तरी ये." आणि नेमका तेव्हाच फोन आला तर?

फोन आला तो सिनेमा लागतोय हे सांगायला. पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला आई, भाऊ आणि मी गेलो. थिएटरात नऊ माणसं होती, त्यात आम्ही तिघं. बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "आवाज फार मोठा होता." आई म्हणाली, "तू बरी दिसलीस." चौथ्या दिवशी सिनेमानं गाशा गुंडाळला. मी घरी येऊन केस कापले आणि त्या विषयावर पडदा टाकला.

गेल्या वर्षी एका शनिवारी दुपारी मालकांनी मला पुढे बोलावलं. मुलींच्या वसतिगृहाच्या बाई आल्या होत्या. घरी ठेवता येत नाही अशा मुली तिथे राहतात. बाईंच्या हातात मोडकी फ्रेम होती. शेजारी पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी डोळे बारीक करून उभी.

"वर्षातला तिसरा चष्मा," बाई म्हणाल्या. "विचारलं तर म्हणते, पडला. भिंतीवर पडला का गं?"

मुलीनं मान खाली घातली.

मी फ्रेम उलटसुलट करून बघितली. "काडी तुटलीय, पण खोबण शाबूत आहे. हीच राहू देत. काडी बदलते, काचा नवीन बसवते."

माझा आवाज ऐकून मुलीनं झटकन मान वर केली. चष्म्याशिवाय तिला माझा चेहरा धड दिसतही नसणार. "परत बोला," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"म्हणा, 'लांब राहा, मी सांगतेय ना.'"

मी हातातली फ्रेम टेबलावर ठेवली. ते वाक्य मी वीस वर्षांपूर्वी कॅमेऱ्यासमोर सतरा वेळा म्हटलं होतं. बाई ओशाळून म्हणाल्या, "हिच्याकडे लक्ष देऊ नका, कसलासा सिनेमा सारखा बघत असते फोनवर."

आठवड्यानं ती चष्मा न्यायला आली. घालून नीट माझ्याकडे बघितलं आणि एकच प्रश्न विचारला. "शेवटी चौघं उन्हात पळत बाहेर येतात ना, त्यातली ती तुम्ही नाही. पाठमोरी आहे. कोण आहे ती?"

आजवर हे कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. माझ्या आईच्याही नाही.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मला बोलावलंच नव्हतं. तीन वर्षांत मी उंच झाले होते. त्यांनी दुसऱ्याच एका मुलीला माझे कपडे घातले."

"तरीच," ती म्हणाली. "मग खरा शेवट कुठला?"

तोवर दुकानात गिऱ्हाईक आलं आणि आमचं बोलणं तिथेच थांबलं.

पुढच्या शनिवारी ती चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय म्हणून आली. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. स्क्रू आपोआप ढिला झाला की थोडा हलतो. हा पार तीन फेरे सोडलेला होता. मी तो आवळून दिला आणि मागच्या खोलीतलं दुसरं स्टूल पुढे ओढलं. वसतिगृहातून शनिवारी तासभर सुटी मिळायची. त्यातला अर्धा वेळ ती माझ्याकडे काढू लागली. मालकांनी एकदा डोकावून बघितलं आणि म्हणाले, "चहा हवाय का दोघींना?" माझ्याकडे कुणीतरी आलंय याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त अप्रूप.

आम्ही तो सिनेमा तिच्या फोनवर तुकड्यातुकड्यानं बघितला. माझा हात यंत्रावर, फोन काचांच्या खोक्याला टेकवलेला. स्वतःचा सोळा वर्षांचा चेहरा मी इतक्या वर्षांत बघितला नव्हता. जेवणघरात सगळी मुलं एकमेकांना चिकटून बसतात आणि ती मुलगी दोन्ही हात मांडीखाली दाबून टेबलाच्या टोकाला. सिनेमा वाईट नव्हता. खरं सांगायचं तर चांगला होता. कुणी बघितलाच नाही, एवढंच.

"हा भाग मी शंभरदा बघितला असेल," ती म्हणाली. "बाकी सगळ्या सिनेमांत शक्ती आली की लोक टाळ्या वाजवतात. इथे ती फक्त हात लपवते."

खरा शेवट मी तिला चौथ्या-पाचव्या शनिवारी सांगितला. इमारत कोसळायला लागते. भिंतींतलं ते अडवायला ती मागे थांबते, बाकीचे तिला सोडून जायला तयार नसतात. मग ती एकेकाचा हात धरते. एकेक जण तिला विसरतो आणि मागे न बघता निघून जातो. ती दारात उभी राहते. बस्स. दीड मिनिट नुसतं तिचं उभं राहणं, एकही शब्द नाही. हेच निर्मात्यांना नको होतं.

मुलगी चाकावरचं पाणी बघत होती. मग अगदी सहज, वेळ सांगावी तशी म्हणाली, "माझ्यात आहे ते."

"काय?"

"तेच. आईनं मला इथे सोडलं तेव्हा मी तिचा हात धरला होता, सुटेना इतका घट्ट. तेव्हापासून तिचा फोन नाही. आधी एका काकूंकडे ठेवलं होतं, त्यांच्या धाकटीला मी रोज हात धरून शाळेत न्यायचे. परवा रस्त्यात दिसली, ओळखलंही नाही." तिनं हात खिशात घातले. "मी आता कुणाचा हात धरत नाही."

मला हसू आलं नाही. तसं काही नसतं गं, असं म्हणावंसं वाटलं, पण मी काच पुन्हा चाकाला लावली. मी तिच्या वयाची असताना माझ्या एका भीतीबद्दल मलाही कुणीतरी तसं म्हणून बघितलं होतं, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नव्हता.

नंतरच्या बुधवारी भर दुपारी ती आली. पाठीवर पिशवी, पायात दोन वेगवेगळे मोजे. "मला तुमच्याकडे राहू द्या. मी जेवते कमी. जमिनीवर झोपेन."

माझी खोली डोळ्यांसमोर आली. एक पलंग, एक खुर्ची, त्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग. ढीग उचलला की झाली जागा. पण वसतिगृहात एव्हाना शोधाशोध सुरू झाली असणार, बाईंच्या जिवाला घोर लागला असणार. आणि मला भीतीही वाटली, हे लपवत नाही. इतकी वर्षं एकटीनं राहिले होते आणि अचानक कुणीतरी कायमचं राहायला मागत होतं.

"इथे बस," मी म्हटलं आणि पुढे जाऊन मालकांच्या फोनवरून बाईंना कळवलं. मागे वळले तर ती दारात उभी. सगळं ऐकलेलं.

ती रडली नाही की ओरडली नाही. उजवा हात पुढे केला. "धरा. सोपं जाईल तुम्हाला. उद्यापर्यंत विसराल."

मी हातावरचं पाणी पुसलं आणि तिचा हात धरला. बाई येईपर्यंत पाऊण तास मी तो सोडला नाही. यंत्र बंद होतं. मालकांनी गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलं. तिचा हात आधी लाकडासारखा होता, मग घामेजला, मग तिनं बोटं आवळली. बाई आल्या तेव्हा तिनं तो हिसकावून घेतला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी वसतिगृहात गेले. बाई म्हणाल्या, पळून जाणाऱ्या मुलींना दुसऱ्या गावच्या संस्थेत पाठवतात, नियम आहे. "तुम्ही फोन केलात ते बरोबरच केलंत हो," त्या म्हणाल्या. ते ऐकून मला काही बरं वाटलं नाही. तिथला पत्ता द्यायला त्यांनी दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा गेले तेव्हा कागदावर लिहून दिला. "महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेटता येतं. तुम्ही कोण म्हणून सांगाल?"

"चष्मेवाली."

बसनं चार तास लागतात. पहिल्या खेपेला ती खालीच आली नाही. भेटीच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या होत्या, मुली आणि त्यांची माणसं हळू आवाजात बोलत होती. मी घंटा होईपर्यंत बसले. निघताना वहीत पुढच्या महिन्याची तारीख लिहिली.

दुसऱ्या खेपेलाही आली नाही.

तिसऱ्या खेपेला दारात उभी राहिली. केस बारीक कापलेले, चष्मा नाकावर घसरलेला. बराच वेळ बघून मग येऊन बसली, पण एक खुर्ची मध्ये सोडून.

"तुम्ही अजून येताय?"

"येतेय."

"कशाला?"

"तू येशील असं वाटलं," मी म्हटलं.

तिनं चष्मा वर ढकलला. मग सांगायला लागली, इथलं जेवण बेचव आहे, शेजारच्या पलंगावरची मुलगी इतकी घोरते की खिडकीची तावदानं थरथरतात, सकाळी अंघोळीला गरम पाणी मिळवायचं तर पाचला उठावं लागतं. मी तिला सांगितलं की मालक आता आठवड्यातून तीनच दिवस येतात आणि पुढचं दुकानही मलाच बघावं लागतं, आणि गिऱ्हाइकांशी बोलताना माझी फे फे उडते.

"तुमची?" ती म्हणाली. "सिनेमात तर धडाधड बोलता."

"तिथे लिहून दिलेलं होतं."

ती हसली, तोंडावर हात ठेवून. घंटा झाली तशी उठली, दारापर्यंत गेली आणि मागे न बघताच म्हणाली, "पुढच्या वेळी जरा लवकरची बस घ्या. अकरानंतर खुर्च्या मिळत नाहीत."