आठ टिकल्या

दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. चतुराबाईंचं तोंड कपाटानं पोळलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घरातलं जुनं कपाट एका अनोळखी माणसाला विकलं. त्यानं पुराव्यासाठी म्हणून आधार कार्डाची झेरॉक्स मागितली आणि बाईंनी भाबडेपणानं देऊन टाकली. त्या झेरॉक्सवर कुणीतरी मोबाइलचं सिम काढलं, लोकांना गंडे घातले, आणि पोलीस आले ते चतुराबाईंच्या दारात. ठाण्याच्या चार चकरा मारल्यावर त्यांचं नाव सुटलं, पण गल्लीचं तोंड कोण धरणार? पुन्हा आपलं नाव परक्याच्या हाती द्यायचं नाही, अशी खूणगाठ त्यांनी तेव्हाच बांधली.

आता औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या फॉल-पिकोच्या दुकानात नवं मशीन आलं होतं आणि जुनं विकायला काढलं होतं. महिनाभर कुणी फिरकलं नाही. मग भाचीनं मोबाइलवर जाहिरात टाकली आणि लासूर स्टेशन गावचे आप्पासाहेब थेट टेम्पो घेऊनच हजर झाले. कडक इस्त्रीचे कपडे, आवाजात पाटीलकी. सुनेसाठी मशीन हवं होतं. त्यांनी टाका पाहिला, भाव ठरवला आणि मग तेच जुनं मागणं पुढं केलं. माल चोरीचा नाही कशावरून? आधारची झेरॉक्स द्या.

मागणं गैर नव्हतं, हीच तर पंचाईत. नाही म्हणावं तर आपणच चोर ठरणार, हो म्हणावं तर पुन्हा दारात पोलीस. पण या वेळी बाई तयारीत होत्या. त्या आप्पासाहेबांना घेऊन शेजारच्या कमरोद्दीनच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या.

तिथं त्यांनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. कार्डावरच्या बारा आकड्यांपैकी पहिल्या आठांवर एकेक टिकली नीट दाबून बसवली. शेजारी काळ्या ठिपक्यांची चौकट असते ना, जिच्यात म्हणे माणसाची सगळी कुंडली भरलेली असते, तिच्यावर पाकिटाचा पुठ्ठा ठेवला. नाव, फोटो आणि शेवटचे चार आकडे तेवढे उघडे राहिले. कमरोद्दीननं हसू दाबत झेरॉक्स काढून दिली. तिच्यावर बाईंनी आडवं लिहिलं, ‘फक्त पिको मशीन विकल्याच्या पुराव्यासाठी’, आणि खाली तारीख टाकून सही ठोकली.

आप्पासाहेबांचा पारा चढला. हे काय सोंग, म्हणाले. पंचक्रोशीत आपल्या शब्दाला वजन आहे, आणि इथं आपल्यावरच संशय?

“तुमच्यावर नाय हो भाऊ,” चतुराबाई म्हणाल्या. “ह्या कागदावर इस्वास नाय मला. त्यो तुमच्या खिशातून उद्या कुठं जाईल, हे तुमाला तरी ठाव हाये का?”

लगोलग बाईंनी हसतमुखानं दुसरा डाव टाकला. मशीन कुणाला विकलं याचा पुरावा त्यांनाही लागणार होता. तेव्हा आप्पासाहेबांनीही झेरॉक्स द्यावी, आणि वजनदार माणसाला टिकल्या कशाला, अख्खीच द्यावी.

आप्पासाहेबांनी तावातावानं कार्ड काढून कमरोद्दीनपुढं धरलं. धरलं ते धरलंच, सोडेनात.

“साब, अंगूठा हटाव ना,” कमरोद्दीन म्हणाला. “नंबर दिखताच नै.”

अंगठा हलेना. तो नेमका आकड्यांवर बसला होता, आणि तो तिथं का बसला हे आप्पासाहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत होतं. चतुराबाईंना आतून इतका आनंद झाला होता, की दोन वर्षं टोमणे मारणारी सगळी गल्ली आत्ता इथं उभी असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

शेवटी आप्पासाहेब मिशीतल्या मिशीत ओशाळं हसले आणि आवाज उतरवून म्हणाले, “बाई, टिकल्या उरल्यात का वो?”

“लई उरल्यात,” चतुराबाईंनी पाकीट पुढं केलं. “आठ मोजून घ्या.”

पावतीवर दोघांच्या सह्या झाल्या, कमरोद्दीनची साक्ष झाली आणि टेम्पो निघाला. मशीन लासूरला गेलं. चतुराबाईंचे आठ आकडे मात्र टिकल्यांखाली औरंगपुऱ्यातच राहिले.