आत्याबाईंचा दात आणि मी

मी मोती बोलतोय. जरा सावकाश बोलतो, तेवढं सांभाळून घ्या. थरावर थर चढत मी मोठा झालो. घाई कशाशी खातात ते मला ठाऊक नाही.

माझा जन्म एका तळ्यातला. तिथे दोरांना जाळ्या टांगलेल्या असायच्या आणि जाळ्यांत शिंपले. कामाला असलेली एक बाई पाचर लावून शिंपला जेमतेम उघडायची, आत एक गोल मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या अंगाचा इवलासा तुकडा ठेवायची आणि शिंपला परत पाण्यात सोडायची. माणसाचं काम तेवढंच. आत काहीतरी टोचतंय म्हणून माझा शिंपला कुरकुरत बसला नाही. त्याने आपल्या अंगची चकाकी पाझरवत त्या मण्याला गुंडाळायला घेतलं. केसाहून पातळ एक थर, त्यावर दुसरा, त्यावर आणखी. मणी हे माझं पोट, आणि ते थर म्हणजे मी.

बाई अधूनमधून जाळी वर ओढायची, शिंपल्यांवरचं शेवाळ घासायची आणि आम्हाला दटावायची, की आळशांनो, आटपा, माझ्या लेकीचं लग्न ठरलंय. मालकाने तिला सांगूनच ठेवलं होतं, लेकीसाठी तुझ्या हातचा एक मोती तुझा. शिंपले उघडले तेव्हा माझ्याहून गोल मोती कितीतरी निघाले. मी एका अंगाने किंचित चेपलेला. तिने मला उजेडात फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "हाच. पोरीची हनुवटी अश्शीच आहे."

सोनाराने मला लोलकात बसवलं आणि लेकीच्या गळ्यात बसून मी सासरी आलो. घर शिंप्याच्या दुकानावर होतं. खालून दिवसभर मशिनची घरघर, वर माणसांची. सासूबाई मायाळू, सासरे अबोल. घरात शब्द चालायचा तो सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीचा, आत्याबाईंचा.

आत्याबाईंच्या दातांची गल्लीभर ख्याती. कोणी मोती घेतला की आधी त्यांच्याकडे आणायचं. त्या पुढच्या दातावर तो हळूच घासायच्या. आम्ही खरे मोती दिसायला गुळगुळीत, पण थरांच्या बारीक कडा दातावर किरकिरतात. काच मात्र सुळकन सरकते. मलाही साऱ्या घरासमोर दाताला लावलं गेलं. आणि काय सांगू, मी सुळकन सरकलो! तो दात मला दातासारखा वाटेचना.

आत्याबाई म्हणाल्या, "गुळगुळीत आहे. काच आहे ही."

सासूबाईंनी विषय बदलायचा प्रयत्न केला, तळ्यात पाळलेला मोती तसाच असेल, म्हणाल्या. पण सुनेचा चेहरा उतरला तो उतरलाच. आपल्या हातचा मोती, असं आई म्हणाली होती. मग आई खोटं बोलली, की आईलाच कोणी फसवलं? तिने मला दोऱ्यांच्या खणात ठेवून दिलं. आणि रविवारी तर आई लेकीला भेटायला येणार होती.

पोरीच्या घशाखाली घास उतरत नाही, हे आत्याबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. रविवारी सकाळी त्या खणाशी आल्या, मला उचलून खिडकीपाशी नेलं आणि पुन्हा घासलं. सुळकन. मग त्यांचं लक्ष बोटातल्या अंगठीकडे गेलं. तो मोती त्यांच्या यजमानांनी दिलेला, आयुष्यभर पारखलेला. त्यांनी तोही घासला. सुळकन!

आत्याबाईंनी खोलीचं दार लावून घेतलं. त्याचं असं होतं, की मध्यंतरी त्या बहिणीकडे राहून आल्या होत्या आणि येताना तोंडात कवळी घेऊन आल्या होत्या. कोणाला पत्ता नव्हता. या वयातले दात बघा, असं लोक म्हणायचे आणि त्या गोड हसायच्या. आता त्यांनी कवळी काढली, खालच्या हिरडीत उरलेल्या आपल्या एकुलत्या एका दाताला मला लावलं. किर्र! काय बरं वाटलं मला.

आई आली. तिची नजर आधी लेकीच्या रिकाम्या गळ्यावर गेली. हातातला चहाचा कप तसाच राहिला. आत्याबाई उठल्या. एका हातात मी, दुसऱ्या हातात रुमाल. रुमाल त्यांनी सगळ्यांसमोर उघडला, तर आत कवळी!

बोळक्या तोंडाने त्या म्हणाल्या, "विहीणबाई, तुमचा मोती खरा आहे. खोटे आहेत ते माझे दात."

मग सासूबाईंच्या तोंडून निघालं, "वन्सं, अहो, आणि मी इतके दिवस तुमच्या दातांवर जळत होते!" हसण्याची अशी लाट उठली की खालच्या शिंप्याने मशिन थांबवलं. आई हसता हसता डोळे पुसत होती. पाळलेला मोती खरा कसा, हे कोणीतरी विचारलंच. तर ती म्हणाली, "विरजण आपण लावतो, म्हणून दही खोटं होतं का?" आत्याबाईंनी मला आपल्या हाताने सुनेच्या गळ्यात घातलं.

तिथेच आहे मी अजून. मोती घेऊन कोणी आलं की आत्याबाई आता सुनेकडे बोट दाखवतात, म्हणतात, तिच्याकडे जा, तिचे दात तिचेच आहेत.

तुमच्याकडे माझा कोणी भाऊबंद असेल, तर एवढंच करा. अत्तर वगैरे लावून झालं की सगळ्यांत शेवटी त्याला घाला, काढताना आधी काढा आणि मऊ फडक्याने पुसा. डबीत मात्र कोंडू नका हो. आम्ही अंधारात घडतो, पण आम्हाला माणसं बघायची हौस भारी. बरं, येतो मी. सूनबाईंनी चपला घातल्या, आज आम्ही आईकडे निघालोय.