फांदी घेऊन जाणाऱ्याशी बोलू नये

शनिवारी आमच्या गल्लीत गाड्या येतात. पांढऱ्या, काचा वर केलेल्या, आत दहा-बारा पाहुणे. खायेलित्शा, म्हणजे आमची ही काळ्या लोकांची वस्ती, बघायला येतात. बघा, आमची ना नाही. पण माणसाच्या दारात उतरलात तर आधी तोंड उघडा, कशा आहात म्हणा. एवढं आमची शेंबडी पोरंसुद्धा म्हणतात. त्या शनिवारी एक बाई माझ्या कढईवर वाकली, कॅमेरा माझ्या हातापाशी आणला, दोन-तीनदा खटखट केलं आणि गेली. तिनं तेल पाहिलं, पिठाचा गोळा पाहिला, माझी भाजलेली बोटं पाहिली. वर एक चेहरा होता, तिथवर ती पोचलीच नाही.

मी अमाग्विन्या तळते. आंबवलेल्या पिठाचे गोळे, फोडून आत खिमा भरून देते. अकरा वर्षं तोच कोपरा. माझं नाव नोक्वाखा, पण नावानं मला फक्त दवाखान्यात पुकारतात. गल्लीला मी माम्बेले, कारण माझं कुळ म्बेले. आमच्यात कुणाला मान द्यायचा तर त्याचं कुळ विचारायचं आणि त्या नावानं हाक मारायची.

तर गाडी गेली, माझं डोकं तापलेलंच होतं, आणि तेवढ्यात तो दिसला. पन्नाशी उलटलेला, भर उन्हात काळा कोट, खांद्याला चौकड्याची लांब पिशवी. सार्वजनिक नळापाशी बादल्यांच्या रांगेपलीकडे उभा होता आणि जमिनीकडे बघून ओठ हलवत होता. मला वाटलं, प्यायलेला आहे. थोड्या वेळानं वळला आणि माझ्या टेबलाला जवळजवळ खेटून पुढे निघाला. मान खाली. शब्द नाही.

माझं टाळकं सरकलं. गोऱ्यांचं एक समजू शकते, पण हा तर आपला माणूस!

"ओ कोटवाले! इथं माणूस बसलंय की दगड? रस्त्यानं जाताना नमस्कार करायची पद्धत तुमच्या गावात बंद झाली का? का त्या गाडीतून उतरलात?"

तो थांबला. असा थांबला की जणू मी दोर लावून ओढला. पाठ माझ्याकडे होती, पण मानेच्या शिरा ताठलेल्या मला दिसल्या. बायका बघायला लागल्या. मग तो हळूच वळला, टोपी काढली.

"सानिबोना, सिसी," तो म्हणाला. नमस्कार, ताई. झुलू माणूस होता. "माझं चुकलं. माफ करा."

एवढं बोलला आणि माझ्या पावाच्या क्रेटवर मटकन बसला. पिशवीची चेन उघडली. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी होती. बोरीच्या जातीचं ते काटेरी झाड असतं, एक काटा सरळ आणि एक वाकडा. आमच्या वाळूत ते उगवत नाही. घरून आणावं लागतं.

माझा झारा तेलात पडला.

हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माणूस परमुलखात मेला की त्याचं शरीर आणून पुरता येतं, पण तो स्वतः मेल्या जागेवरच राहतो. मग त्याच्या रक्ताचं कुणीतरी फांदी घेऊन तिथं जातं, कुळाची नावं घेऊन त्याला हाक मारतं आणि घरी घेऊन येतं. हाक मारल्यापासून घराचा उंबरा ओलांडेपर्यंत त्यानं फक्त त्या मेलेल्याशी बोलायचं. दुसऱ्या कुणाशी एक शब्द बोलला की मेलेला समजतो, मला सोडून दिलं. आणि तिथंच राहतो.

"फांदी पिशवीत का कोंबलीत?" मी ओरडलेच. चूक माझी आणि आवाजही माझाच. "हातात धरली असती तर या गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकलं नसतं!"

"येताना टॅक्सीत पोरं हसली, सिसी. म्हणाली, म्हातारा सरपण घेऊन शहरात विकायला चाललाय. मला हसली तर हसू दे. पण परतताना तो सोबत असणार. त्याच्यासमोर हसायला नकोत, म्हणून झाकली."

"मग मला उत्तर कशाला दिलंत? जायचं होतं पुढे. शिव्या दिल्या असत्या मी, अजून काय!"

"बाईमाणसानं हाक मारली. तोंड फिरवून जाऊ? तसं वाढवलं नाही आम्हाला आईनं."

त्याचं नाव फान्याना म्चुनू. म्चुनू कुळाला मानानं माचिंग्वाने म्हणतात, म्हणून मी त्याला माचिंग्वाने म्हणायला लागले. न्यायला आला होता धाकट्या भावाला, म्फिकेलेलीला. चार वर्षांमागे रात्रपाळीचा पहारा संपवून खोलीवर येत होता, पाणी प्यायला नळापाशी थांबला आणि छाती धरून पडला. शरीर गावी गेलं, बैल कापला, सगळं झालं.

"पण आईच्या स्वप्नात येतो तो," माचिंग्वाने म्हणाला. "अंगणाबाहेर उभा राहतो. आई म्हणते, आत ये रे. हा म्हणतो, मला रस्ता माहीत नाही. आईला आता दिसत नाही. जेवण सुटलंय. म्हणते, तो आत आला की मी निघते. रोज सकाळी मला विचारते, आणलास का."

"बस कधीची?"

"दोनची."

साडेअकरा झाले होते. मी कढईखालचा गॅस बंद केला.

"राखाडी गणवेश होता का? आणि हिरवा थर्मास?"

त्यानं मान वर केली.

"पाहिलंय मी त्याला. टेबलावरचं कापड काढून मीच त्याच्या अंगावर टाकलं होतं. रोज सकाळी दोन गोळे न्यायचा, आणि एवढ्या जोरात नमस्कार करायचा की समोरच्या घरातली पोरं उठायची." मग मला पुढचं आठवलं आणि सांगावं की नाही कळेना. सांगितलं. "माचिंग्वाने, तुम्ही ज्या नळापाशी उभे राहिलात ना, तो नळ दोन वर्षांपूर्वीचा आहे. नगरपालिकेनं हलवला. जुना नळ तिकडे होता. तुमचा भाऊ या नळाला कधी गेलाच नाही."

त्यानं वळून नळाकडे बघितलं.

"मग मी हाक कुणाला मारत होतो?"

"बादल्यांना," मी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे. पण तो हसला. हसता हसता टोपी तोंडावर धरली आणि खांदे हलायला लागले, तेव्हा मी दुसरीकडे बघितलं.

जुन्या नळाच्या जागेवर आता नोबांटूचं पत्र्याचं घर आहे. ती ज्वारीची बिअर गाळते आणि शनिवारी तिला श्वास घ्यायला वेळ नसतो. दारात तीन गिऱ्हाइकं बसली होती. माचिंग्वाने कुंपणाबाहेरच उभा राहिला, टोपी हातात, आणि तिथूनच म्हणाला, "घरात कुणी आहे का? परका माणूस आहे. दाराशी यायची परवानगी मागतो."

नोबांटू बाहेर आली ती हात पुसत. "अगंबाई, माम्बेले, हा एवढा सभ्य कुठून पकडलास? आमच्याकडे लोक दार मोडून येतात. पोलीस आहे का?"

मी सांगितलं. तिनं तोंडावर हात मारला.

"माझ्या चुलीखाली? चार वर्षं?"

"दोन. आधीची दोन त्याची त्यानं उघड्यावर काढली."

"तरीच माझी बिअर नासते!"

"तुझी बिअर तू पाणी घालतेस म्हणून नासते."

"मेलेल्या माणसासमोर तरी खोटं बोलू नकोस," ती म्हणाली, आणि वळून गिऱ्हाइकांवर ओरडली, "उठा रे! डबे खाली ठेवा. टोप्या काढा. आणि माझी चूल उचला, ढोसून ढोसून अंगात बळ आलंय ना?"

त्या तिघांनी चूल उचलली, पिंप सरकवलं. खालचं लिनोलियम मी सुरीनं कापलं, नोबांटूला न विचारता. तीही काही बोलली नाही. खाली सिमेंटचा तुकडा निघाला, नळाचा जुना चौथरा, मध्ये पाइपचं भोक. मी बोटानं दाखवलं. डोकं इकडे होतं, पाय तिकडे.

"सिसी," माचिंग्वाने म्हणाला, "आता मी बोलायला लागलो की तुमच्याशी बोलणं संपलं. तुमचे आभार आत्ताच मानतो."

"आभार राहू द्या. स्टँडपर्यंत तुमचं तोंड मी. कुणी तुम्हाला हाक मारणार नाही, मी बघते."

तो गुडघ्यावर बसला. फांदी सिमेंटवर टेकवली. आणि आवाज काढला. मघाशी नळापाशी ओठ हलवणारा तो हाच, हे खरं वाटेना. एकेका पूर्वजाचं नाव घेत तो खाली खाली येत गेला, आजोबा, बाप, आणि शेवटी म्हणाला, "म्फिकेलेली, मी तुझा फान्याना. उशीर केला. ऊठ, आईनं बोलावलंय. आपण घरी चाललोय."

पत्रा तापून कडकडला. तो उठला, फांदी छातीशी धरली, आणि आता मात्र पिशवीत घातली नाही.

मी पुढे, तो मागे. गल्लीत शिरले तशी ओरडले, "बोलू नका! फांदी आहे!" न्हाव्यानं रेडिओ बंद केला. पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते पालथे घातले. पाहुण्यांची गाडी समोरून परत येत होती, तिच्या गाइड पोरानं इंजिन बंद केलं आणि आतल्यांना काहीतरी सांगितलं. कॅमेरे वर आले की नाही मला माहीत नाही. मी बघत नव्हते. स्टँडवरचा टॅक्सीवाला "चला चला टाउन टाउन" करत माचिंग्वानेच्या अंगावर आला, त्याच्या नडगीवर मी लाथ घातली. नंतर फांदी दिसली तेव्हा तोच माझी माफी मागायला लागला.

बस लागायला अजून तासभर होता. बाकावर आम्ही बसलो. मधली जागा फांदीची. तो भावाला अधूनमधून सांगत होता, "हा स्टँड आहे. बस येईल. ऊन आहे जरा."

आणि मला काय झालं कोण जाणे, मी बोलायला लागले. उत्तर देऊ न शकणारा माणूस सात वर्षांत पहिल्यांदा शेजारी बसला होता. नाहीतर या टाउनशिपमध्ये तुम्ही दुःखाचं एक वाक्य बोला, लोक सल्ल्याची दहा ऐकवतात.

"माझा नवरा, लुंगिसिले, सात वर्षांमागे रस्टेनबर्गच्या खाणीत मेला," मी म्हणाले. "वरून खडक आला. त्यांनी शरीर दिलं, आम्ही गावी नेऊन पुरलं. पण तो तिथंच आहे. अंधाराला घाबरायचा हो तो. खाणकामगार असून. घरी आला की दिवा विझवू द्यायचा नाही, मला झोप लागायची नाही, मी चिडायचे. किती चिडायचे! मोठा दीर आता चर्चमध्ये पुढे बसतो. म्हणतो, फांदी-बिंदी हे सैतानाचं काम. मी त्याच्यापुढे गुडघे टेकले, माचिंग्वाने, मी! तो म्हणाला, प्रार्थना कर. दुसरा भाऊ नाही. मूल झालं नाही. दर रविवारी सातला त्याचा फोन यायचा. तो नंबर आता कुठल्या तरी पोरीला मिळालाय. मी कधीकधी लावते. ती हॅलो म्हणते, मी ठेवते."

त्यानं फांदी जरा सावलीत सरकवली.

"सगळे म्हणतात, रक्ताचं माणूस लागतं. मी नुसती बायको. त्याच्या पूर्वजांची नावं मला पाठ आहेत, सासूनं शिकवली होती. पण माझं कुळ वेगळं. मी त्या खाणीच्या तोंडाशी जाऊन हाक मारली तर तो ऐकेल का? बोलू नका. उत्तर नकोय. आजवर कुणाला विचारलं नाही, म्हणून विचारते."

बस आली. कंडक्टरनं फांदी बघितली, दोन तिकिटं बघितली, आणि खिडकीजवळची सीट स्वतः पुसून दिली. विचारायचं ते सगळं मला विचारलं. माचिंग्वाने पायरीपाशी थांबला. माझ्याकडे बघायचं नव्हतं त्याला, बघितलंही नाही. फांदीकडे तोंड करून, पण मला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"म्फिकेलेली, आता आपण बसमध्ये चढतोय. त्याआधी ऐक. तुझ्यावर कापड टाकणारी ती माम्बेले इथं उभी आहे. तुझ्या रक्ताची नाही. तरी तू कुठं पडलास ते तिला माहीत होतं, मला, तुझ्या सख्ख्या भावाला, माहीत नव्हतं. मी चुकीच्या जागी हाका मारत होतो. हे तू आईला सांग, मी सांगेनच. आणि तुमच्या त्या बाजूला रस्टेनबर्गचा लुंगिसिले भेटला तर त्याला सांग, बायको विचारतेय."

आणि चढला.

मला हात करता आला नाही, निरोप देता आला नाही. बस वळून गेली तरी मी तिथंच. कढई तशीच टाकून आले होते, पीठ फुगून टोपाबाहेर आलं असणार.

स्टँडवरच्या तिकीटवाल्याला मी विचारलं, रस्टेनबर्गला जायचं तर बस कधी असते?

"मंगळवारी. जोहान्सबर्गला बदलावी लागेल," तो म्हणाला. रोज माझ्याकडचे गोळे खाणारा, चौकशीखोर मेला. "तिकडे कोण आहे तुझं, माम्बेले?"

"नवरा," मी म्हणाले. "वाट बघतोय."