डॅडच्या गप्प बसण्याचा अहवाल

डॅडबद्दलचा अहवाल डॅडला मिळाला माझ्या धाकट्या भावाच्या ताब्याच्या सुनावणीच्या दिवशी सकाळी. तसा ईमेल केव्हाच गेला होता म्हणे, पण तेव्हा डॅड कोळंबीच्या बोटीवर होता, फोनला रेंज नाही. म्हणजे चूक डॅडचीच. समुद्रात टॉवर सोबत न्यायला हवा होता.

डॅडला वाचायला वेळ लागतो, म्हणून कोर्टाबाहेरच्या बाकावर मी वाचून दाखवत होते. मी शाळा सोडलीय, वाचणं नाही सोडलं. आत मला बंदी. अठराच्या खालच्यांना आत सोडत नाहीत, कारण केस मुलांबद्दल असते. पटलं? मलाही नाही.

"संपूर्ण भेटीत वडील मुलाशी एक शब्दही बोलले नाहीत," मी वाचलं. "दोघांत भावनिक नातं आढळलं नाही."

डॅड हसला. "अगं, आम्ही बॅरामंडी बॅरामंडी खेळत होतो."

म्हणजे होडीत बॅरामंडी माशासाठी गळ टाकून बसलोय असं समजायचं, जो आधी बोलेल तो हरला, कारण त्यानं मासा पळवला. फिन, माझा सहा वर्षांचा भाऊ, या खेळापायी जेवणसुद्धा विसरतो. त्या दिवशी आईकडे परत आल्यावर मला केवढ्या तोऱ्यात सांगत होता, डॅडला जिंकू दिलं नाही म्हणून. अहवालासाठी काचेमागे बसून लिहिणाऱ्या बाईंनी मात्र दोघांनाही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर अहवाल लहान झाला असता.

मिस प्रिडो आल्या. ज्यांच्याकडे वकील नाही त्यांना कोर्टात फुकट मिळणाऱ्या वकील.

"त्या बाईंना बोलवा," डॅड म्हणाला. "मला विचारायचंय त्यांना."

"त्या रजेवर आहेत, क्लेम," मिस प्रिडो डॅडला म्हणाल्या.

"मग मी सांगते आत," मी म्हटलं.

"तू लहान आहेस, बाळा."

"बाळा म्हणू नका. आणि फिनचं कोण ऐकतंय?"

"त्याला वेगळा वकील दिलाय ना कोर्टानं."

"तो फिनला भेटलाय कधी?"

"फाईल वाचलीय त्यांनी," मिस प्रिडो म्हणाल्या. तेही न हसता.

दोघं आत गेली. बाहेर आली तेव्हा मिस प्रिडो खुशीत होत्या. जजसाहेब फारच न्यायी निघाले होते. अहवाल लिहिणाऱ्या बाईंना प्रश्न विचारणं हा डॅडचा हक्क, तो नाकारणार नाही म्हणाले. फक्त जज आमच्या गावात विमानानं येतात, तेही कधीतरीच, त्यामुळे पुढची तारीख थेट ऑक्टोबरची. तोवर डॅडनं फिनला देखरेखीखालच्या भेटींच्या सेंटरमध्ये भेटायचं, पंधरवड्यातून दोन तास, समोर एक बाई लिहीत बसलेली.

"किंवा?" डॅडनं विचारलं.

"किंवा अहवाल मान्य करा. तुमची आधीची बायको आजच समझोत्याला तयार आहे. महिन्यातून एक शनिवार-रविवार, तुमच्या घरी, कुणाची देखरेख नाही."

डॅडनं पेन मागितलं.

"सही करू नको," मी म्हटलं. "तू खरा आहेस."

"आहेच."

"मग लढ ना. आता कायमचं लिहिलं जाईल की तू पोराशी बोलत नाहीस. आणि तुला ते मान्य आहे."

"लिहू देत. ऑक्टोबरपर्यंत तो सेंटरच्या खोलीत बसून माझ्याकडे बघायलाही घाबरेल." त्यानं सही केली, जीभ बाहेर काढून, सावकाश.

"सगळ्यांनी खूप समजूतदारपणा दाखवला," मिस प्रिडो म्हणाल्या.

मी बाकाला लाथ घातली. दारावरचा गार्ड धावत आला आणि म्हणाला, इथं मुलांनी आवाज करायचा नाही.