तिच्या बाकाखाली

आमची बोट म्हणजे दोन लांब पोकळ नळ्यांवर बसवलेला एक सपाट पाटा. कडेने कठडा, वर छत, दोन्ही बाजूंना बाक. धरणाच्या पाण्यावर लोकांना फिरवून आणायचं, एवढाच आमचा धंदा. पाणी पिण्याचं आहे, म्हणून इथे इंजिन चालत नाही, बॅटरीवरची मोटर लागते. आमच्या दोन बॅटऱ्या होत्या, एकेक भरलेल्या गॅस सिलिंडरइतकी जड. दोन्ही डाव्या बाकाखाली, कारण उजव्या बाकावर ही बसायची.

ही म्हणजे माझी बायको. स्टिअरिंग उजवीकडे, आणि ते तिच्याच हातात असायचं. मी दोर सोडायचो, लोकांना हात देऊन चढवायचो. ती अंगाने भरलेली. बोट नवीन होती तेव्हा ती बसली की उजवी बाजू खाली जायची. मग मी बॅटऱ्या डावीकडे नेल्या आणि हिशेब जुळला. ती प्रवाशांना सांगायची, "लोक बायकोला सोन्याने तोलतात, आमच्या ह्यांनी बॅटऱ्यांनी तोललं." संध्याकाळी ती उतरली की बोट डावीकडे कलायची. सकाळी ती चढली की सरळ व्हायची.

ती गेल्यावर बोट कललेलीच राहिली.

तिच्या जागेवर मी स्वतः बसलो असतो तरी भागलं असतं. पण मला तिथे बसवेना. मी पाण्याचे दोन मोठे कॅन भरून तिच्या जागेवर ठेवले, दोरीने बांधले आणि मधल्या वाटेत उभा राहून हात लांब करून बोट चालवू लागलो. लोक बघायचे. कोणी काही बोलायचं नाही. बोलला तो धक्क्यावरचा पावतीवाला.

"काका, या कॅनची पण पावती फाडू का? रोज फिरायला येतात."

"फाड की. लहान मुलांची अर्धी फाड."

तो हसला नाही. "चेष्टा नाही. परवा तपासणीचा माणूस येतोय. रिकामी बोट पाण्यावर सरळ दिसली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. उद्या कॅन सुटले, एका बाजूला चार जण बसले, तर? बोट सरळ नसेल तर मी पावत्या बंद करतो. मला नाही म्हणता येणार नाही त्याला."

हे त्याने माझ्या लेकीलाही फोन करून सांगितलं. तिचं माझ्याशी ठरलंच होतं: पावत्या बंद झाल्या की मी तिच्याकडे राहायला जायचं. तिचं घर चौथ्या मजल्यावर. ही गेल्यानंतर काही दिवस मी तिथे होतो. सकाळी जावई कामावर, लेक कामावर, नातू शाळेत. मला ते नवीन कुलूप नीट लावता यायचं नाही, म्हणून जाताना ते बाहेरून लावून जायचे. "बाबा, दार वाजलं तरी उठू नका, किल्ली आमच्याकडे आहे." खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची आणि तिच्यावरचा एक पाइप. त्या पाइपचं चित्र मी अजून डोळे मिटून काढून दाखवीन.

म्हणजे बॅटऱ्या हलवायला हव्या होत्या. काम अवघड नव्हतं. एक डावीकडे ठेवायची, एक उजवीकडे न्यायची, दोघींमध्ये जाड तार ओढायची. पण उजवीकडे म्हणजे तिच्या बाकाखाली. तिथे तिच्या वस्तू होत्या आणि बॅटरीच्या खणात कापडचोपड ठेवता येत नाही; ठिणगी उडाली की पेटतं. एक आत जायचं तर बाकीचं सगळं बाहेर यायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅन खाली उतरवले आणि तिच्या बाकाचं झाकण उघडलं. शाल. काडी मोडलेली छत्री. एका दांडीला दोरा गुंडाळलेला चष्मा. बामची बाटली. उन्हाची टोपी, तिच्या आत तिचे रबरी हातमोजे. मी म्हटलं, आधी बॅटरीचा ट्रे बसवू, वस्तू नंतर काढू. सगळं एका कडेला सारलं आणि तळाला स्क्रू मारायला आत उतरलो. खण लांबट, माणूस आडवा मावेल एवढा. मी बारीक आहे. आडवा झालो.

असं आत उतरून मी पूर्वी शंभर कामं केली होती. पण तेव्हा झाकण धरून ही उभी असायची. ते आपोआप उभं राहत नाही, हे मला माहीतच नव्हतं म्हणा ना. वारा आला, बोट हलली, झाकण धाडकन पडलं आणि बाहेरची कडी खाली बसली. ती कडी तिनेच बसवून घेतली होती, वाऱ्यात झाकण आपटतं म्हणून.

मी ढकललं. हललं नाही. गुडघे वर घेता येईनात, त्यामुळे जोर लागेना. स्क्रूड्रायव्हर पायापाशी गेला होता. टोकाला हवा जायला तळहाताएवढं भोक होतं, तेवढाच उजेड. त्यातून पाणी दिसत होतं, फक्त पाणी. हाका मारल्या. आवाज माझ्याच कानात परत यायचा. पावतीवाला त्या वेळी चहाला जातो. पुन्हा पुन्हा ढकललं, दम लागला. नाकाशी तिची शाल होती आणि तिला बामाचा वास होता.

जरा शांत झालो तेव्हा लक्षात आलं, बामची बाटली माझ्या पोटावर आडवी पडली होती आणि घरंगळत नव्हती. बोट सरळ होती. दोन्ही बॅटऱ्या डावीकडे, मी तिच्या जागी. वजन जुळलं होतं. मग मी ढकलणंही सोडून दिलं. म्हटलं, राहू दे असंच.

किती वेळ गेला सांगता येत नाही. एकदम बाटली घरंगळून बरगडीशी आली. म्हणजे उजवीकडे कोणीतरी बसलं होतं, माझ्या वरच. मग माझा फोन वाजू लागला, तिकडे मधल्या वाटेत.

"फोन इथेच टाकून कुठे गेले हे?" लेकीचा आवाज.

मी आतून ठोकलं. ती किंचाळली.

"अगं, मी आहे!"

"बाबा? कुठे आहात तुम्ही?"

"तू बसलीयेस त्याच्या खाली. उघड."

ती उठल्याचं बाटलीवरून कळलं. पण कडी निघाल्याचा आवाज येईना.

"लागलंय का कुठे?"

"नाही. उघड."

"श्वास घेता येतोय?"

"बोलतोय म्हणजे येतोयच ना! उघड की."

"मग ऐका आधी. बाहेर आलात की तुम्ही ऐकत नाही. आज इथे अडकलात, उद्या पाण्यात पडाल. मी ऑफिसात बसून सारखा फोन बघते. कबूल करा, माझ्याकडे येणार. मगच उघडते."

"लहानपणी तुला कधी कोंडलं का गं मी?"

"विषय बदलू नका."

मग जे होतं ते सांगितलं. "तुझ्याकडे असताना मला रोज असंच वाटायचं. इथे निदान पाणी तरी दिसतं."

मग कडी निघाली, झाकण उघडलं. उजेडात तिचं तोंड दिसेना, फक्त झाकण धरलेला हात दिसला. मी उठून बसलो. वाटलं, ती झाकण सोडून मला ओढेल. तिने सोडलं नाही.

"किती स्क्रू राहिलेत?" तिने विचारलं.

"दोन."

"मारा मग. धरलंय मी."

ट्रे बसला. तिने आईच्या वस्तू एकेक करून पिशवीत भरल्या. शाल झटकायला गेली आणि तशीच घडी घातली. सोडताना आधी काळी वायर, मग लाल, जोडताना उलट, असं मी सांगत गेलो. एक बॅटरी आम्ही दोघांनी उचलली, ती "अगं आई गं" म्हणाली आणि आम्ही बॅटरी ट्रेमध्ये ठेवली. पाट्याखालून तार ओढली. डाव्या खणात जागा झाली, तिथे दोर आणि जाकिटं गेली. कॅनमधलं पाणी मी काठावरच्या झाडाला घातलं.

मग आम्ही दोघं धक्क्यावर उतरलो.

बोट हलली, थांबली. सरळ होती. अगदी सरळ, आणि तिच्यात कोणी नव्हतं. मी वाट बघत राहिलो, जराशी तरी डावीकडे वाकेल म्हणून. वाकली नाही. तिला आता कोणाचीच गरज नव्हती.

पावतीवाला शेजारी येऊन उभा राहिला. एक डोळा मिटून त्याने बघितलं. "झाली की हो, काका. उद्या कोणी नाही म्हणणार नाही."

"हं," मी म्हटलं.

लेक पिशवी छातीशी धरून उभी होती. "बाबा, ही मी नेऊ?"

"ने. बामची बाटली ठेव तेवढी."

तिने काढून दिली. मी ती खिशात घातली आणि बोटीवर चढलो. स्टिअरिंगपाशी जाऊन हिच्या जागेवर बसलो, पहिल्यांदाच. बोट थोडी उजवीकडे कलली आणि तशीच राहिली.

"बाबा," लेक धक्क्यावरून म्हणाली, "डावीकडे कोणीतरी बसवा हं."

"तूच ये," मी म्हटलं. "एक फेरी मारू. पावती नको फाडायला."